हलगीला अस्सलपणाचा दाखला कोण देणार?

गेल्या हिवाळ्यात आमच्या भागातल्या एका हलगी पथकाला लोककला महोत्सवाचे बोलावणे आले. अकरा पोरे. कोणी आयटीआयला, कोणी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, दोघे जालन्याच्या एमआयडीसीत रोजाने. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत वाजवून वाजवून त्यांचा हात तयार झालेला. अंगात निळे शर्ट, पायात बूट, गळ्यात फायबरच्या पानाच्या हलग्या. आयोजकांनी मोबाईलवर व्हिडिओ मागवला, पाहिला आणि अटी कळवल्या. शर्ट चालणार नाही, धोतर-मुंडासे पाहिजे. बूट नकोत, अनवाणी या. फायबर नको, कातड्याची हलगी आणा. आणि मंचावर आल्यावर वाजवण्याआधी वाकून जोहार घाला. का? तर "प्रेक्षकांना अस्सल वाटलं पाहिजे."

पोरे आमच्याकडे आली ती चिडून नव्हे, गोंधळून. मानधन बरे होते. प्रवासखर्च मिळणार होता. एक जण म्हणाला, "दादा, कला जुनीच आहे ना आपली? मग जुन्या पद्धतीनं दाखवली तर बिघडलं काय?" प्रश्न प्रामाणिक होता. त्याला "मनुवाद्यांचा डाव आहे" एवढे सांगून वाटेला लावणे आम्हाला बरे वाटले नाही. त्या संध्याकाळी जे बोललो ते, आणि त्यानंतर जे वाचले-पडताळले ते, इथे मांडत आहोत.

पहिली गोष्ट. "अस्सल" हा शब्द त्या आयोजकाच्या डोक्यातून निघालेला नाही. त्याच्या मागे शंभर-सव्वाशे वर्षांचा बाजार आहे आणि तो बाजार समजून घ्यायचा तर आफ्रिकेत जावे लागते.

मराठवाड्याच्या माणसाला आफ्रिका काही परकी नाही. ज्या खडकीचे पुढे औरंगाबाद झाले ती वसवणारा मलिक अंबर इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस होता. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांना पत्र लिहिले होते, आणि १९७२ ला आमच्या पोरांनी आपल्या संघटनेचे नाव कुठून घेतले हे कोणाला सांगायला नको. पण आपण त्यांच्या लढ्याशी नाते सांगतो, त्यांच्या कलेचे पुढे काय झाले ते मात्र फारसे पाहत नाही.

युरोप-अमेरिकेतले व्यापारी आणि संग्राहक आफ्रिकेचा लाकडी मुखवटा हातात घेतात तेव्हा तो अस्सल की नकली हे ठरवायची त्यांची एक कसोटी आहे. वस्तू पारंपरिक कारागिराने केलेली असावी. आपल्याच जमातीसाठी, आपल्याच विधीसाठी केलेली असावी. ती प्रत्यक्ष वापरात आलेली असावी, घाम-धूर-तेलाने काळवंडलेली असावी. आणि विकण्यासाठी केलेली नसावी. या चार गोष्टी जुळल्या की मुखवटा लाखात जातो. त्याच कारागिराच्या मुलाने, त्याच झाडाच्या लाकडातून, त्याच हत्याराने तसाच मुखवटा कोरला आणि बाजारात मांडला तर तो "टुरिस्ट माल". सिडनी कासफिर या अभ्यासक बाईंनी १९९२ मध्ये एका लेखात या कसोटीचे कपडे उतरवले. त्यांचा मुद्दा साधा होता : ही कसोटी आफ्रिकेचा असा एक काळ गृहीत धरते की ज्यात काहीच बदलत नव्हते, कोणी काही विकत नव्हते आणि कोणाला नाव नव्हते. असा काळ कधी नव्हताच.

नाव नव्हते, हे नीट पाहा. संग्रहालयातल्या आफ्रिकी वस्तूंखालच्या चिठ्ठ्या वाचल्या तर जमातीचे नाव असते, प्रदेशाचे असते, दान देणाऱ्या गोऱ्या साहेबाचे तर असतेच असते. करणाऱ्याचे नसते. यावरून लोकांनी ठरवून टाकले की तिकडे कलावंताला नाव नसते, सगळे "जमातीचे" असते. खरी गोष्ट एवढीच की नेणाऱ्याने नाव विचारले नाही. नायजेरियातल्या योरुबा लोकांत ओलोवे नावाचा सुतार-शिल्पकार होऊन गेला. राजेलोक त्याला दूरदूरहून बोलावून राजवाड्यांची दारे आणि खांब कोरून घेत. त्याने कोरलेले एक दार १९२४ च्या लंडनमधल्या वेम्बली प्रदर्शनात मांडले गेले आणि पुढे ब्रिटिश म्युझियममध्ये राहिले. त्याच्या मुलखात तो अनामिक नव्हता. लंडनला पोचल्यावर झाला.

आणि अस्सल माल जमवला कसा? १८९७ मध्ये इंग्रज फौजेने बेनिन शहरावर हल्ला केला, राजवाडा लुटला, शहर जाळले आणि हजारो पितळी व हस्तिदंती वस्तू उचलून नेल्या. बेनिनच्या या वस्तूंच्या अस्सलपणाबद्दल कोणी शंका घेत नाही, कारण त्या राजवाड्यातूनच लुटल्या होत्या. चोरी हाच अस्सलपणाचा पुरावा! त्या पितळी वस्तू ओतणाऱ्या कारागिरांची वस्ती बेनिन शहरात इगुन रस्त्यावर आजही आहे, आजही ते ओतकाम करतात. पण त्यांच्या आजच्या कामाला बाजार नक्कल म्हणतो. ज्यांच्या पणजोबांनी मूळ वस्तू केली त्यांची वस्तू नक्कल, आणि ज्यांच्या पणजोबांनी ती लुटली त्यांच्याकडची अस्सल. २०२२ मध्ये जर्मनीने आपल्याकडच्या बेनिन वस्तूंची मालकी नायजेरियाकडे द्यायला सुरुवात केली, इतरही काही देश त्या वाटेने निघाले. ब्रिटिश म्युझियम अजून कायद्याचे कलम दाखवत बसले आहे.

एक किस्सा तर असा आहे की तो शाळेत शिकवावा. १९१० मध्ये लिओ फ्रोबेनिअस नावाचा जर्मन संशोधक नायजेरियातल्या इफे गावी पोचला. तिथे त्याला धातूचे एक मानवी शिर दिसले. इतके सुंदर की हे काळ्या माणसांनी केले असेल हे त्याला मान्य होईना. त्याने निष्कर्ष काढला की हे समुद्रात बुडालेल्या अटलांटिस नगरीच्या, म्हणजे ग्रीकांच्या भाऊबंदांच्या हातचे असले पाहिजे. पुढे १९४० च्या दशकात ब्रिटिश तज्ज्ञांनी इफेतले ते शिर तपासले आणि सांगितले की ही तर नक्कल आहे, मूळ कुठेतरी गायब झाले. मग सुमारे साठ वर्षे ते नक्कल म्हणूनच राहिले. २०१० च्या सुमारास पुन्हा तपासणी झाली तेव्हा तज्ज्ञ म्हणू लागले की नाही, हे मूळच दिसते. आधी "तुमचे नाही", मग "खरे नाही", मग "बरे, खरे आहे." त्या शिरात या शंभर वर्षांत काहीही बदल झाला नव्हता.

हे वाचताना आम्हाला वेरूळ-अजिंठा "राक्षसांनी", "पांडवांनी" एका रात्रीत कोरल्याच्या गोष्टी आठवल्या. महाराष्ट्रात किती बौद्ध लेण्यांना आजही पांडवलेणी म्हणतात, मोजून पाहा.

कोणी म्हणेल, मग अस्सल-नकली असे काही नसतेच का? असते. फसवणूक खरीच होते. नवे लाकूड वाळवीच्या वारुळात पुरून ठेवतात, धुरी देतात, तेल-काजळी चोळतात आणि दोनशे वर्षांचा मुखवटा तयार होतो. जाणकार मग आतली बाजू पाहतो : कपाळ, नाक, हनुवटी जिथे टेकते तिथेच लाकूड गुळगुळीत झाले आहे का, की सगळीकडे सारखेच काळे आहे? भाजलेल्या मातीच्या मूर्तीला शेवटची आच कधी लागली हे प्रयोगशाळेत काढता येते. ओतलेल्या धातूच्या आत मातीचा गाभा राहिला असेल तर त्याचेही वय निघते. लाकडाचे वय कार्बनवरून निघते, पण गेल्या तीनशे वर्षांतल्या लाकडाबाबत ती पद्धत नीट बोलत नाही, आणि बहुतेक मुखवटे त्याच काळातले. हे सगळे उपयोगी शास्त्र आहे आणि आपण ते शिकले पाहिजे. पण शास्त्र एवढेच सांगते की वस्तू किती जुनी आहे, कशाची आहे, आणि विकणारा तिच्याबद्दल खोटे बोलतो आहे का. ती करणाऱ्याने अनवाणीच राहिले पाहिजे, हे कुठलीही प्रयोगशाळा सांगत नाही. ते बाजार सांगतो.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. ज्या कसोटीत "विकण्यासाठी केलेले ते अस्सल नव्हे" असे म्हटले आहे, त्या कसोटीला आपल्याच भोकरदनच्या मातीत उत्तर आहे.

भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. केळणा नदीकाठचे हे तालुक्याचे गाव आज बाजारहाट, बसस्टँड आणि कोर्टकचेरीसाठी माहीत आहे. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून इथे उत्खनन केले. शां. भा. देव आणि आर. एस. गुप्ते यांनी त्याचा अहवाल लिहिला. (तेव्हा जालना जिल्हा नव्हता, भोकरदन औरंगाबाद जिल्ह्यात होते. जिल्हा १ मे १९८१ चा.) सातवाहन काळातली भरभराटीची वस्ती इथे उघडी पडली आणि हस्तिदंती कामही सापडले. त्यात एका स्त्रीची तुटकी, अपुरी हस्तिदंती मूर्ती होती. ती पाहून अभ्यासकांना इटलीतली एक मूर्ती आठवली.

ती इटलीतली मूर्ती १९३८ मध्ये पॉम्पेई शहराच्या उत्खननात अमेदेओ मायुरी यांना मिळाली. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली हे शहर गाडले गेले, म्हणजे मूर्ती त्याआधीच तिथे पोचलेली. वीतभराहून थोडी उंच, दागिन्यांनी मढलेली स्त्री, दोन बाजूंना दोन लहान दासी. वर भोक आहे, त्यावरून ती एखाद्या सामानाचा पाय किंवा आरशाची मूठ असावी असे अंदाज केले गेले. आज ती नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. ती कुठे घडली यावर वाद आहे. आधी मथुरेचे नाव घेतले गेले. तिच्यावर खरोष्ठी लिपीची खूण असल्यामुळे कोणी वायव्येकडे बोट दाखवतात. पण भोकरदनची आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरची हस्तिदंती मूर्ती तिच्या इतक्या जवळच्या आहेत की अनेक अभ्यासक तिचे माहेर दख्खनमध्ये, भोकरदनच्या बाजूला मानतात. त्या काळातल्या ग्रीक भाषेतल्या एका व्यापारी वहीत पैठण आणि तेरहून गाड्यांनी माल भडोचला जातो असे लिहिलेले आहे. भडोचहून जहाजाने बाहेर जाणाऱ्या मालाच्या यादीत हस्तिदंतही आहे.

याचा अर्थ काय? दोन हजार वर्षांपूर्वीचा दख्खनचा कारागीर परदेशी गिऱ्हाईकासाठीही माल करत होता. विधीसाठी नव्हे, कुठल्या जमातीच्या गूढ श्रद्धेसाठी नव्हे. रोममधल्या कोण्या सावकाराच्या घरात शोभेला. आफ्रिकेच्या मुखवट्याला लावतात ती कसोटी हिला लावा. विकण्यासाठी केलेली, बाहेरच्यांसाठी केलेली, म्हणजे "टुरिस्ट माल"! पण नेपल्सला जाऊन असे म्हणायची कोणाची छाती नाही. आफ्रिकेतही हेच झाले आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकात सिएरा लिओनच्या किनाऱ्यावरच्या कारागिरांनी पोर्तुगिजांच्या मागणीवरून हस्तिदंती मीठदाण्या कोरल्या. गोऱ्या गिऱ्हाइकासाठी, पैशासाठी. आज त्या मोठमोठ्या संग्रहालयांत मानाने ठेवल्या आहेत. म्हणजे व्यापाराने अस्सलपणा जातो हा नियम पाचशे वर्षांपूर्वीच्या मेलेल्या कारागिराला लागू नाही. तो फक्त जिवंत माणसाला लागू आहे. मेलेल्याला कोणी मानधन देत नाही आणि मेलेला उलट बोलत नाही, हे त्यामागचे कारण असावे असा आमचा संशय आहे.

त्या मूर्तीच्या नावाचेही पाहा. जगभर ती "पॉम्पेईची लक्ष्मी" म्हणून ओळखली जाते. सापडली तेव्हा भारतीय स्त्रीमूर्ती म्हणून लक्ष्मी हे नाव चिकटले. पुढे बऱ्याच अभ्यासकांनी सांगितले की ही लक्ष्मी नसून यक्षी असावी, सांची-भारहूतच्या तोरणांवर अशा स्त्रिया दिसतात त्या जातीची. तरीही नाव सुटले नाही. आणि इथे आपल्यालाही सावध राहायचे आहे. मागे एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ही मूर्ती "महामायेची बौद्ध मूर्ती" म्हणून फिरत होती. आम्ही तिथेही विरोध केला होता आणि शिव्या खाल्ल्या होत्या. पुरावा नसताना लक्ष्मी म्हणणे चूक असेल तर पुरावा नसताना महामाया म्हणणेही चूक आहे.

आपल्याला पुराव्याशिवाय बोलण्याची गरजच काय? सांचीच्या स्तूपावर ज्यांनी दान दिले त्यांच्या शिलालेखांत भोगवर्धनच्या लोकांचा उल्लेख आहे. आपल्या भोकरदनची माणसे शेकडो किलोमीटर लांब जाऊन स्तूपाला दान देत होती आणि आपले गाव दगडावर लिहून ठेवत होती. त्याच सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी लिहून ठेवले आहे की हे कोरीवकाम आम्ही केले. त्याच तोरणावर सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याच्या दानाचा लेख आहे. बुद्धाच्या दारात राजाच्या शेजारी कारागिराचे नाव आले. कारागीर अनामिक असतो, लोककला कोणा एकाची नसते, या गोष्टी सांचीला माहीत नव्हत्या. कारागिराचे नाव पुसले जाऊन फक्त जात उरली ती नंतर. सुतार, लोहार, चांभार, मांग, महार. कामाला जात चिकटली आणि माणसाचे नाव गळून पडले.

पोरांच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे.

हलगी अस्सल तेव्हा होती असे आयोजक म्हणतो, तेव्हा म्हणजे केव्हा? गावात लग्न निघाले की महार-मांगाने पुढे चालत हलगी वाजवायची. पाटलाच्या घरी मयत झाली की वाजवायची. पोळ्याला वाजवायची, दवंडीला वाजवायची. मोबदला म्हणजे शिळी भाकर आणि सुगीला चार पायल्या. मढे ओढायचे, त्याचेच कातडे कमावायचे, त्याचीच हलगी मढवायची, आणि तीच हलगी गळ्यात घालून जोहार मायबाप करायचा. आमच्या घरातल्या एका म्हाताऱ्यांना आम्ही एकदा विचारले होते, "आजा, तुम्ही हलगी चांगली वाजवायचा म्हणतात, मग सोडली का?" ते म्हणाले, "वाजवली तर भाकर मिळायची, बाबा. नाही वाजवली तर मार. याला कला म्हंतेत व्हय?" १९५६ नंतर त्यांच्या वस्तीने हलग्या चुलीत घातल्या. गावाने वर्षभर पाणी आणि किराणा बंद केला, पण वस्तीने हलगी हातात धरली नाही.

ही गोष्ट एका वस्तीची नाही. १९२७ ला महाडच्या परिषदेत मेलेली ढोरे ओढायची नाहीत असे ठरले तेव्हापासून हा संघर्ष सुरू आहे. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणले ते याच साखळीला हात घालण्यासाठी. १९३६ च्या जूनमध्ये मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये पोतराज, वाघ्या-मुरळी, जोगतिणी, देवदासी यांची सभा झाली आणि बाबासाहेबांनी त्यांना ते जिणे सोडायला सांगितले. आजच्या महोत्सवात पोतराजाचा आसूड आणि जोगतिणीचा जग "लोप पावत चाललेली अस्सल परंपरा" म्हणून मांडतात आणि निवेदक हळहळतो की पोरे आता हे करत नाहीत. पोरे करत नाहीत, कारण सोडायला सांगणारा माणूस आम्हाला भेटला. हळहळ कसली करता?

आफ्रिकेच्या मुखवट्याची कसोटी हलगीला लावली की काय निघते ते आता स्पष्ट होईल. "आपल्याच समाजाच्या विधीसाठी, पारंपरिक पद्धतीने, वापराने झिजलेले, पैशासाठी नसलेले" हे लाकडाबद्दल बोलले तर जाणकारी वाटते. हलगीबद्दल बोलले तर ती सरळसरळ वेठबिगारीची व्याख्या होते. वापराने झिजलेली हलगी म्हणजे कोणाच्या तरी आज्याच्या बोटांनी झिजलेली. पैसे न घेता वाजवलेली म्हणजे पैसे न देता वाजवून घेतलेली.

मात्र आमच्यातले काही ज्येष्ठ कार्यकर्ते यातून उलटे टोक गाठतात : हलगी हातातच धरू नका, ती गुलामीची निशाणी आहे. आम्ही त्यांचा आदर करतो, त्यांनी जे सोसले ते आम्ही सोसलेले नाही. पण आम्हाला हे पटत नाही. आंबेडकरी जलशांनी काय केले? तमाशाचाच साचा घेतला, तीच ढोलकी, तेच सवाल-जवाब. पण गण-गौळणीची जागा बदलली, देवाच्या जागी समाजाचा प्रश्न आणला, आणि नाशिकचे भीमराव कर्डक आणि त्यांचे साथीदार गावोगाव फिरले. वामनदादा कर्डकांनी लोकगीतांच्या चाली घेऊन हजारो गाणी रचली. हा बदल म्हणजे भेसळ का? कोणी जलशाला "नकली तमाशा" म्हणून पाहावे! तो जलसा आहे, अस्सल जलसा, आणि त्याला वय आहे, करणाऱ्यांची नावे आहेत.

वारली चित्रांचेही तसेच. ती लग्नघरात सवाष्णी भिंतीवर काढायच्या. जिव्या सोमा मशे या आदिवासी पुरुषाने ती १९७० च्या दशकात कागदावर आणली, विकली, परदेशात नेली आणि २०११ मध्ये पद्मश्री घेतली. जुन्या कसोटीने मशे तीनदा नापास : पुरुष, कागद, विक्री. पण त्यांच्यामुळे वारली चित्राखाली पहिल्यांदा काढणाऱ्याचे नाव आले. २०१४ मध्ये वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळाले. आता साडीवर, कपावर, सरकारी भिंतीवर कोणीही वारली छापतो. त्यात वारल्यांच्या हातात किती पडते, हा अस्सलपणाचा खरा प्रश्न आहे. तो कोणी विचारला की मात्र बोलणे पुन्हा तांदळाच्या पिठाकडे आणि गेरूकडे वळते.

त्या संध्याकाळी पोरांनी विचारले की मग आपण कशावरून ठरवायचे. आम्ही जे सांगितले ते असे : कोणी केले, त्याचे नाव सांगता येते का? कधी केले आणि कशाचे केले, याबद्दल खोटे बोलले जात नाही ना? करणाऱ्याला ते न करण्याची मुभा होती का? आणि पैसा कोणाच्या खिशात गेला? जुने असेल तर जुने म्हणा, नवे असेल तर नवे म्हणा. १८९८ मध्ये पिपरहव्याच्या स्तूपातून बुद्धाच्या अस्थींसोबत निघालेली रत्ने पाहा. त्यातला काही भाग "जादा नग" ठरवून इंग्रज सरकारने खोदणाऱ्या जमीनदार साहेबाकडेच राहू दिला. त्याच्या वारसांनी ती रत्ने २०२५ च्या मे महिन्यात हाँगकाँगला लिलावात काढली. जगभरच्या बौद्धांनी आरडाओरडा केला, भारत सरकारने नोटीस दिली, लिलाव थांबला आणि जुलैत रत्ने परत आली. ती अस्सल आहेत याबद्दल एका माणसालाही शंका नव्हती. वाद फक्त ती कोणाची, एवढाच होता.

आणि हीच शिस्त आपल्या घरातही लागू करा. बाबासाहेबांच्या नावावर फिरणारी निम्मी वाक्ये त्यांची नाहीत. खंड काढून पाहायचे कष्ट न घेता आपण ती फलकावर छापतो. मुखवट्याला धुरी देणारा व्यापारी आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली स्वतःचे वाक्य टाकणारा कार्यकर्ता यांच्यात आम्हाला फार फरक वाटत नाही.

राहिला महोत्सव. पोरांनी आयोजकांना उलट निरोप दिला : आम्ही येऊ, निळ्या शर्टात आणि बुटात येऊ. जोहार घालणार नाही. कातड्याची हलगी आणायला हरकत नाही, पण ती शेकायला मंचामागे आगटी पेटवू द्यावी लागेल, थंडीत पान ढिले पडते. पत्रिकेवर "पारंपरिक हलगीवादक" न लिहिता अकरा जणांची नावे लिहा. दोन दिवसांनी उत्तर आले की कार्यक्रमाची वेळ आता भरली आहे. मानधन गेले. आयटीआयच्या पोराने त्यातून बस पासचे पैसे भरायचे ठरवले होते, ते आम्ही वर्गणी काढून भरले.

या १४ एप्रिलला भोकरदनला पथक वाजवणार आहे. फायबरच्या सात हलग्या आहेत, चार कातडी. मिरवणुकीच्या फलकावर अकरा नावे लिहायचे काम रंगाऱ्याला दिले आहे, आणि एकाने आडनावातली वेलांटी चुकल्याचे कळवले आहे, तेवढी दुरुस्त करायची राहिली आहे.